पॅरिसात राहिलेले साहेब

केळुसकरबाई फ्रेंचमधला आज्ञार्थ कवायतीनं शिकवत. क्रियापदाआधीचा कर्ता गाळून बाईंनी हुकूम सोडायचा आणि वर्गातल्या प्रत्येकानं तो तिथल्या तिथे पाळायचा.

एकदा संस्थाचालक धारवाडकर दार ढकलून आत घुसले. “हा काय पोरखेळ? मी पॅरिसात राहिलोय! कवायतीनं कधी भाषा येते? उद्यापासून वर्ग बंद!”

मुलांदेखत पाणउतारा! बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्या कडाडल्या, “सोर्ते!”

“उच्चार बरा आहे,” धारवाडकरांनी मान डोलावली.

तोवर अख्खा वर्ग उठून व्हरांड्यात गेला.

“अरे, निघालात कुठे सगळे?”

बाई उंबऱ्यावरून म्हणाल्या, “मी ‘बाहेर चला’ म्हणाले, साहेब. कवायतीवाचून फ्रेंच शिकलेले तेवढे आत राहिले.”