केरबाने विमा उतरवला

चाफेवाडीत एक भोळा गाडीवाला राहायचा. त्याचं नाव केरबा. माणूस लबाड नव्हता, आळशी नव्हता, दारूला शिवत नव्हता. फक्त सांगितलेलं सगळं तो करायचा. सांगितलं तस्संच करायचा.

त्याची वडापची जीप होती. चाफेवाडीत माणसं भरायची आणि तालुक्याच्या स्टँडवर उतरवायची, हा त्याचा धंदा. बायको शालन. मुलगी छबू, नुकती रांगायला लागलेली. शालनचा स्वभाव काळजीचा. जीप यायला जरा उशीर झाला की तिला ओढ्यात उलटलेली जीपच दिसायची.

त्यात जीपच्या विम्याची मुदत रविवारी संपत होती. जुनी कंपनी शालनच्या मनातून कधीच उतरली होती. जीपची काच फुटली तेव्हा पोटुशी असताना तिला त्यांनी जिना चढायला लावला, आणि वर गेल्यावर सांगितलं, साहेब जेवायला गेलेत. तेव्हा संध्याकाळ व्हायला आली होती.

कंपनी बदलायची हे तिनं पक्कं केलं होतं. प्रश्न होता कधी. फार लवकर बदलली तर जुन्या कंपनीला भरलेले पैसे वाया. उशीर झाला तर जीप विम्याविना उघडी. उघड्या जीपचा कुणाला धक्का लागला तर घरातलं भांडंकुंडं विकायची पाळी. म्हणून तिनं ठरवलं, अगदी शेवटी बदलायची, पण मुदतीच्या आत.

गुरुवारी ती म्हणाली, "अहो, तालुक्याला चाललाच आहात, तर विमेवाल्या मगदूम अण्णांकडनं जीपचा विमा उतरवून या. नव्या कंपनीचा. जुने कागद जीपमध्येच आहेत."

केरबाला पटलं. उतरवायचं काम तर तो रोजच करत होता.

दुपारी तो परत आला.

"उतरवला?"

"उतरवला."

"अण्णा काय म्हणाले?"

"अण्णा कुठं भेटले? मी स्टँडवर उतरवला. सगळ्यांना तिथंच उतरवतो. कठड्यावर सावली होती, तिथं बसवून आलो."

"कुणाला?"

"विम्याला. त्याला जायचं असलं तर अण्णांचं दुकान समोरच आहे."

शालननं छबूला काखेत मारलं आणि तशीच केरबाला घेऊन तालुक्याला गेली. कागदांचं पाकीट रसवाल्यापाशी सापडलं. तो त्या पाकिटानं वारा घेत होता. परत येताना ती वाटभर बोलत होती. "अहो, नवं हाती लागल्याशिवाय जुनं कधी सोडायचं नसतं. एवढं तरी ध्यानात ठेवा."

केरबाला पटलं.

शुक्रवारी जीप गच्च भरून तो स्टँडवर आला आणि मागचं दार धरून उभा राहिला.

"दार सोड की रं," आतून दूधवाली सखूआक्का म्हणाली.

"नवं माणूस हाती लागल्याशिवाय जुनं सोडायचं नाही. घरनं सांगून ठेवलंय."

"आरं, माझं दूध नासंल."

"येतंय कोणतरी. दम धरा."

येत होती ना. चाफेवाडीला जायचं म्हणून माणसं यायची, जीपमध्ये डोकावायची, आणि जीप भरलेली बघून पुढं जायची. केरबाला वाईट वाटत होतं. आतल्या लोकांना त्याहून वाईट वाटत होतं. शेवटी एक म्हातारा पुढच्या दारातून बाहेर पडला आणि त्यानं केरबाचं मनगट पिरगाळलं. तेव्हा दार सुटलं. दूध नासलं होतं. सखूआक्कानं नासलेलं दूध केरबाच्या गळ्यात घालून घरी पाठवलं. अण्णांचं दुकान एव्हाना बंद झालं होतं.

शनिवारी शालननं त्याला हाताला धरून समजावलं, "आधी अण्णांकडे जायचं. मग बाकीचं." केरबा आधी अण्णांकडे गेला. माणसं जीपमध्येच बसून राहिली, पण गेला.

अण्णा म्हणाले, "उद्या मीच येतो, वहिनींना सांग. फोटो काढतो आणि विमा तिथल्या तिथं उतरवतो. आणि बरं का केरबा, वर्ष दाव्याशिवाय गेलं की सूट मिळते."

अण्णा बोलत होते ते विम्याच्या दाव्याचं. वर्षभर कंपनीकडे भरपाई मागितली नाही की हप्ता कमी होतो. केरबाच्या घरी दावं एकच होतं. ते म्हशीच्या गळ्यात होतं.

घरी येऊन त्यानं ते काढलं. म्हशीला ताबडतोब सूट मिळाली. केरबाला अण्णांचं फार कौतुक वाटलं.

म्हैस गेली ती शेजारच्या बापू चौगुल्यांच्या मक्यात. बापू काठी घेऊनच आले. "केरबा, लोकांच्या अंगावर जाणारं जे काही तुझ्या दारात असंल, त्याला दावं लावून ठेव."

केरबानं विचार केला. म्हैस कुणाच्या अंगावर गेली नव्हती. ती मक्यात गेली होती. जीप मात्र मागच्या महिन्यात उतारावर आपोआप सुटली होती आणि पोस्टमनच्या अंगावर गेली होती. पोस्टमन उडी मारून वाचला.

केरबाला पटलं.

रविवारी छबूला पोलिओचा डोस पाजायला शालन शाळेत निघाली. छबूला शेजारणीबरोबर धाडावं असं तिला वाटत होतं, पण रडून रडून पोरगी निळी पडली तर, म्हणून ती स्वतःच गेली. जाताना तीनदा वळून म्हणाली, "अण्णा आले की विमा उतरवून घ्या. स्टँडवर नाही, इथंच. आणि सूट विसरू नका."

ती गेली आणि अण्णा आले. अंगणात म्हैस रवंथ करत होती.

"जीप कुठाय रं?"

"जीप दाव्यात अडकलीय, अण्णा."

अण्णा मटकन ओट्यावर बसले. "कधी?"

"काल संध्याकाळी."

"कशापायी?"

"लोकांच्या अंगावर जाते म्हणून. बापूंनी लावायला सांगितलं."

"म्हणजे ते पोस्टमनचं प्रकरण?"

"तेच."

अण्णांनी सुस्कारा सोडला. "मग आज मला तिला हात लावता येत नाही. दाव्यातनं सुटली की सांग."

"सुटली की परत अंगावर जाईल."

"तेही खरंच. आता मी एवढ्या लांबनं आलोय, कुणाचा विमा उतरवू?"

"जी दाव्याशिवाय आहे, तिचा," केरबा म्हणाला आणि त्यानं म्हशीकडे बोट दाखवलं. "सूट कालच मिळालीय तिला."

अण्णा मोटारीचा विमा उतरवायचे, माणसाचा उतरवायचे, म्हशीचाही उतरवायचे. त्यांनी चारी बाजूंनी म्हशीचे फोटो काढले, तिच्या कानात विम्याचा बिल्ला मारला, हप्त्याचे पैसे घेतले आणि गेले.

शालन धापा टाकत आली. "अण्णा येऊन गेले?"

"गेले."

"उतरवला विमा?"

"उतरवला. इथंच."

तिच्या जिवात जीव आला. तेवढ्यात म्हशीनं मान हलवली आणि कानातला पिवळा बिल्ला चमकला. शालननं बिल्ल्याकडे बघितलं, मग केरबाकडे बघितलं.

"अहो, आणि जीपचं काय? आज रात्री मुदत संपतीय तिची. उद्यापासून रस्त्यावर काही झालं म्हणजे?"

केरबा तिला गोठ्यात घेऊन गेला. जीप गव्हाणीला तोंड लावून उभी होती. पुढच्या बंपरला दावं बांधलेलं होतं, दाव्याचं टोक खुंट्याला होतं, आणि समोर कडब्याची पेंढी सोडलेली होती.

"उगं काळजी करतीस," केरबा म्हणाला. "ती आता कुठं जातीय?"