नखाएवढी चकती

माणसं उन्हापासून वीज करायला नुकतीच शिकत होती, तेव्हाची गोष्ट. प्रयोगशाळेतल्या दिव्याखाली नखाएवढी सौरचकती होती. वीज करण्यात तिचा पहिला नंबर.

"खरं ऊन कसं असतं गं?" तिनं खिडकीतल्या चिमणीला विचारलं.

"कधी कोरडं, कधी ओलं," म्हणत चिमणीनं भिजलेले पंख झटकले. थेंब चकतीवर उडाला आणि ओल लागून तिचा कोपरा पिवळा पडला.

शेजारची काच म्हणाली, "मला पांघर, म्हणजे बाहेरही ओल लागणार नाही. थोडा उजेड मात्र अडेल."

"मग माझा नंबर जाईल!"

"जाईलच. नाहीतर बस इथंच."

चकती दिवसभर खिडकीकडे बघत राहिली. शेवटी म्हणाली, "ये बाई."

आता काच पांघरून ती शंभर बहिणींसोबत दवाखान्याच्या छपरावर असते.

"नंबर कितवा?" चिमणीनं विचारलं.

"चौथा." खाली बाळंतिणीच्या खोलीत पंखा फिरत होता. वर उन्हातच पाऊस पडत होता. चकती हळूच म्हणाली, "ओलं ऊन ते हेच ना गं?"