ठकूची हिरवी कणगी

या, बसा जवळ. देवळापुढचा पिंपळ हातभर रोपटं होता, तेव्हाची ही गोष्ट. शेलवडीत ठकू नावाची बाई होती. कणग्या विणायची. कणगी म्हणजे धान्य साठवायची माणसाएवढी टोपली, निगडीच्या झुडपाच्या लवचीक फोकांची. ठकूच्या कणगीतून मोहरीचा दाणासुद्धा गळत नसे, असं म्हणतात.

निगडी कुठली? तिळी नदीच्या काठची. त्याच काठावर गावाची पिण्याच्या पाण्याची विहीर. नदीचं पाणी वाळूतून पाझरून तिच्यात यायचं, गोड, गार. बाकी गावात कुठंही खणा, मचूळ पाणी. डाळ शिजायची नाही त्यात.

एका पावसाळ्यात नदी काठ खायला लागली. रोज बैलगाडीभर माती गडप! विहीर नि नदी यांच्यात वीस पावलं होती, त्यांची दहा झाली, मग चार. बायांनी नदीची ओटी भरली. नदीनं ओटी घेतली अन् वर आणखी एक पाऊल घेतलं!

ठकू काठावर जाऊन उभी राहिली. वरच्या अंगाला निगडीची दाट जाळी होती, तिथली माती ढिम्म हलली नव्हती. विहिरीपुढं मात्र काठ बोडका. कुणी केला बोडका? तिची नजर हातातल्या कोयत्यावर गेली. घराजवळ पडते म्हणून ती इथलीच निगडी तोडत आली होती, पार बुडख्यासकट.

तडक पाटलाच्या दारात गेली. "पाटील, काठ माझ्या कोयत्यानं गेला. आता मलाच धरू द्या. घराघरातल्या कणग्या हव्यात."

"अन् जोंधळा काय तुझ्या पदरात ओतू, ठके?"

"भुईवर ओता. जोंधळा राहील भुईवर, विहीर नाही राहायची."

आतून पाटलीणबाई कडाडल्या, "द्या की हो! मचूळ पाण्याची आमटी पुढ्यात आली की पहिलं नाक तुम्हीच मुरडाल!"

मग काय! गडगडत निघाल्या कणग्या नदीकडं. गावानं त्या काठाशी ओळीनं उभ्या केल्या, धोंड्यांनी ठासून भरल्या. पण ऐन विहिरीपुढं एका कणगीची जागा उरली, अन् वरून लोंढा आला! ठकूनं जाळीतले नुसते शेंडे कापून आणले, पाण्यात उतरली अन् स्वतःभोवतीच कणगी विणायला लागली. गुडघाभर पाणी, कमरभर, गळाभर! लोक धोंडे देत होते, ती पायांशी रचत होती, रचलेल्यावर चढत होती. शेवटचा फोक वळला, अन् नदी कणगीला धडकून मागं वळली, असं म्हणतात.

पूर ओसरला. सुक्या कणग्या मोडल्या होत्या. हिरवी मात्र जागच्या जागी, तिच्यात ठकू उभी, अन् चहूबाजूंनी फोकांना पालवी! मुळं धोंड्यांतून खाली जाऊन मातीला भिडलेली! मग सगळ्या गावानं ओल्या फोकांच्याच कणग्या रोवल्या. त्यांची जाळी झाली, अन् ती गाळ धरत धरत नदीकडं पसरत गेली.

अजून शेलवडीत निगडीचा एक फोक कापला तर दोन रोवतात, अन् म्हणतात, "ठकूबाई, एक नेला, दोन दिले." विहिरीपुढं तर कुणी कोयताच नेत नाही. नवी सून पहिली घागर भरण्याआधी पदरातून एक धोंडा नेऊन त्या जाळीच्या नदीकडच्या कडेला ठेवते, अन् तिथून विहिरीपर्यंत पावलं मोजते.

वीस होती ना? आता बावीस भरतात.