माहेरी सोडलेली मासळी

पाहुणे, बाजारात विश्वास कुणावर ठेवावा, विकणाऱ्यावर की घेणाऱ्यावर? मी जन्मभर कोकम विकत आलो, तेव्हा माझ्यावर नका ठेवू. हा समोरचा डोह बघा. आम्ही याला कोंड म्हणतो. आषाढात सावरटच्या बाजारातून परत आलेली मासळी इथं सोडतात. त्याचं कारण असं सांगतात.

फार पूर्वी या गावाला गाभोळीचं, म्हणजे मासळीच्या पोटातल्या अंड्यांचं, भारी वेड. पावसात मासे अंडी घालायला नदी चढू लागले, की भोई खोताकडून मक्ता घेऊन धबधब्याखाली मासे अडवायला दगड-काट्यांचं बांधण घालत. पोटुशी मासळी चढ्या भावानं जाई. होता होता नदी ओस पडली. भोयांनी घाटावर जायला गाठोडी बांधली.

त्या साली गोदावरी वाणीण बाजारात आली. लेक बाळंतपणाला माहेरी आलेली, तिला डोहाळा गाभोळीचा. केसर भोईणीच्या मडक्यात एकच मासळी, जिवंत, पोट टच्च.

"घ्या वाणीणबाई, शेवटचीच. उद्या आमी चाललो गाव सोडून."

"अगं, पोटुशी तरी सोडायचीत."

"तुमी मागता तीच आमी धरतो. रित्या पोटाच्या मासळीला तुमीच नाक मुरडता."

वाणीण मडक्यात वाकून बघू लागली. हीसुद्धा माहेरीच निघालेली की, असं तिच्या मनात आलं म्हणे. तिनं पैसे दिले, मडकं कोंडीत ओतलं, वर ओटीचे तांदूळ टाकले आणि नवस बोलली: लेक सुखरूप सुटू दे, माझ्या चुलीवर पुन्हा गाभोळी चढणार नाही.

नवरा हसला. "एका चुलीनं नदी भरते होय?"

"एकेका चुलीनंच आटली ना," ती म्हणाली.

लेक सुखरूप सुटली. बारशाला जमलेल्या बायकांनी तोच नवस घेतला, आणि भोई उपाशी राहू नयेत म्हणून केसरकडून खेकडे नि सुकट घेऊ लागल्या, तेही घासाघीस न करता. भोयांनी गाठोडी सोडली. पुढच्या साली खोताच्या मक्त्याला कुणी बोलीच लावली नाही. गाभोळीला गिऱ्हाईक नव्हतं. मग कुठं खोतानं दवंडी पिटली: चढणीच्या दिवसांत बांधण बंद. आम्ही व्यापारी जाणतो, दवंडी नेहमी गिऱ्हाइकाच्या मागून चालते.

आजही आषाढात बाई मासळीचं पोट चाचपते, भरलेलं लागलं तर म्हणते, "हिला माहेरी जाऊ दे," आणि भोईण मुकाट्यानं मडकं कोंडीत ओतते. केसरचा वंश वरच्या आळीत सुखानं नांदतोय. नदीत मासा आहे म्हणून माझं कोकमही खपतं. त्या दोघींचं नाव घेतल्याशिवाय मी दुकान उघडत नाही. तुमच्याकडे एवढंच मागणं, पाहुणे: घरी जाऊन खर्च मांडाल, तेव्हा नदीकडून घेतलेलंही मांडा, आणि हिशेब खरा ठेवा.