गाईनं काय दिलं?

“पण सर, आता करायचं राहिलंय तरी काय?”

धुमाळ सरांनी हे विचारलं तेव्हा ते अजून नीट बसलेही नव्हते. भर उन्हात मोटारसायकल हाणत आले होते. कॉलर घामानं भिजली होती आणि आवाजात तक्रार होती.

बिराजदार सर अंगणात सुपातल्या वाळलेल्या मिरच्यांची देठं मोडत बसले होते. उभं आयुष्य त्यांनी याच गावच्या हायस्कूलला इंग्रजी शिकवण्यात घालवलं होतं. गाव कर्नाटकाच्या हद्दीला लागून. शाळा मराठी, घराघरात कानडी. त्यांच्या जागेवर आलेले धुमाळ साताऱ्याकडचे. एम.ए.ला विद्यापीठात पहिले आलेले, आणि ही गोष्ट ठाऊक नाही असं माणूस गावात उरलं नव्हतं.

“काय काय केलंत?” सरांनी विचारलं.

“गट पाडले. जोड्या लावल्या. तक्ते, शब्दांचे खेळ, प्रोजेक्टर... ट्रेनिंगमध्ये सांगतात ते सगळं. वर्ग बोलतच नाही. अख्खी नववी मिठाची गुळणी धरून बसते.”

“पहिल्यापासून?”

“नाही. जूनमध्ये बोलायची पोरं. एक मुलगी तर फार. शिवलीला.”

खरं दुखणं इथं होतं.

“सोमवारपासून ती शाळेत येत नाही, सर. आई म्हणते, इंग्रजीच्या तासाला बसायचं असेल तर शाळाच नको म्हणून रडते... माझ्यामुळं एका पोरीची शाळा सुटणार. झोप लागत नाही मला.”

सरांनी एक देठ मोडलं.

“शेवटचं काय बोलली होती वर्गात?”

“काहीतरी सांगायला उभी राहिली. ‘सर, येस्टरडे अवर काऊ गिव्ह...’ तेवढ्यात वर्ग ओरडला, ‘गेव्ह!’”

“वर्ग ओरडला?”

धुमाळांचा चेहरा जरा खुलला.

“ती माझी पद्धत आहे. कुणी चुकलं की सगळ्यांनी एका सुरात दुरुस्त करायचं. चुकणाऱ्यानं उभं राहून बरोबर वाक्य म्हणायचं. वर्ग कसा जागा राहतो.”

“बरं. मग, गाईनं काय दिलं?”

“अं?”

“शिवलीलाच्या गाईनं. काय दिलं?”

धुमाळ आठवायला लागले...

“ते... ते राहिलंच, सर.”

अशा वेळी एक शिक्षक दुसऱ्याला हमखास प्रवचन देतो. मी तरी तेच पाहत आलोय. बिराजदार सरांनी मात्र पुढची मिरची उचलली.

“तहान लागली असेल तुम्हाला.”

“हो, पाणी मिळालं तर...”

“ओसरीवर आमची अव्वा बसलीय. तिला मराठी येत नाही. कानडीत मागा.”

अव्वा म्हणजे सरांची म्हातारी आई. भिंतीला टेकून वाती वळत होती.

“मला कुठं कानडी येते, सर?”

“इतके महिने गावात आहात. बाजारात कानावर पडलीच असेल. आज तुम्ही विद्यार्थी, मी मास्तर. चल, म्हण.”

अहोजाहोचं अरेतुरे कधी झालं, धुमाळांना कळलंही नाही.

“निरु...”

“चूक! नीरू.”

“नीरू... कोडा...”

“चूक! उभा राहून म्हण.”

धुमाळ उभे राहिले. विद्यापीठात पहिला आलेला माणूस. रस्त्यानं जाणारी दोघं-तिघं गंमत बघायला फाटकाशी थबकली.

“हं. पुढं?”

...

“पुढं?”

“नको मला पाणी,” धुमाळ म्हणाले. त्यांचे कान लाल झाले होते.

सर हसले नाहीत. मिरच्यांचं सूप उचललं, फाटकाशी उभ्या असलेल्यांना हातानंच पिटाळलं आणि स्वतः परसात निघून गेले.

अंगणात ऊन उरलं. ओसरीवर अव्वा. आणि धुमाळांचा घसा, कोरडा ठणठणीत.

ते ओसरीपाशी गेले. मागं वळून पाहिलं. कुणी नव्हतं.

“अव्वा... नानु... नीरू.”

अव्वानं वर पाहिलं. वाती बाजूला ठेवल्या, गुडघ्यावर हात टेकून उठली आणि आत गेली. बाहेर आली ती पाण्याचा तांब्या आणि गुळाचा खडा घेऊन.

“कुडी, कुडी,” ती म्हणाली. पी, पी.

पाणी माठातलं होतं. धुमाळ घटाघटा प्यायले. अव्वानं अंगणातल्या उन्हाकडं बोट केलं.

“बिसल भाळ ऐती.”

“भाळ... भाळ बिसल, अव्वा!” फार ऊन, एवढं त्यांना कळलं होतं.

“इन्ना बेका?” आणखी हवं का, असं तिनं तांब्याकडं बघत विचारलं.

“बेकु, बेकु!” म्हणत त्यांनी तांब्या पुढं केला.

सर परसातून आले तेव्हा धुमाळ ओसरीच्या पायरीवर बसले होते. घरी कोण कोण असतं, असं काहीतरी अव्वा विचारत होती, आणि हे बोटांवर मोजून, निम्मं कानडीत, निम्मं हातवाऱ्यांनी सांगत होते. दोघांनाही घाई नव्हती.

“मिळालं पाणी?” सरांनी विचारलं.

“मिळालं. गूळसुद्धा.”

“काय म्हणून मागितलंत?”

“अव्वा, नानु नीरू.”

“म्हणजे, ‘आई, मी पाणी आहे.’”

धुमाळ आधी ओशाळले. मग त्यांना हसू फुटलं, आणि फुटलं ते थांबेना. अव्वालाही हसू आलं, कशाचं ते न कळता. सोमवारपासून छातीवर बसलेलं काहीतरी उतरलं होतं. किती बरं वाटत होतं त्यांना!

“त्यांनी एकदाही दुरुस्त केलं नाही, सर.”

“तिला वेळ कुठं होता? ती पाणी आणायला गेली होती.”

धुमाळांनी खिशातून किल्ली काढली.

“निघतो मी. शिवलीलाच्या वस्तीवर जाऊन येतो.”

“काय सांगणार तिला?”

“सांगणार काही नाही. गाईचं विचारणार.”

सरांनी मान हलवली. धुमाळांनी गाडी सुरू केली, आणि पुन्हा बंद केली. शेवटी एम.ए.ला पहिले आलेले ते.

“पण सर, चूक ती चूकच ना? कधीतरी सुधारायला हवीच की. कधी सुधारायची?”

बिराजदार सर पुन्हा अंगणात बसले. सूप मांडीवर घेतलं...

“आधी पाणी पिऊन होऊ द्या.”