शिंत्रेबाईंचं घड्याळ

“आणि दोन घड्याळं कशाला?” बाबालाल मिस्त्रींनी विचारलं.

सुधाकर हसला. हा प्रश्न त्याला नेहमीचा होता, उत्तरही तोंडपाठ होतं.

“एक सरकारनं दिलेलं, उस्ताद. एक त्याचं स्वतःचं, घरून आणलेलं. अंतराळवीर आहे तो. एका हातावर हे, दुसऱ्यावर ते. पोशाखाच्या बाहीवरूनच बांधलीत दोन्ही. पट्टा बघा ना केवढा लांब आहे!”

त्यानं फोटो म्हाताऱ्याच्या हातात ठेवला.

मिस्त्रींनी तो उलटा धरला. तसाच मांडीवर ठेवून त्यावरनं बोटं फिरवली.

सुधाकरचं हसू विरलं. “उस्ताद... डोळे?”

“गेले. पाच वर्सं झाली. तू सांग की, मी ऐकतोय.”

सुधाकर मिठारी म्हणजे आता पुण्यातला नावाजलेला माणूस. जुन्या अंतराळमोहिमांचे फोटो त्याच्यापुढे टाकावेत. माणसाचं तोंड दिसो न दिसो, मनगट दिसलं की हा गडी त्यावरच्या घड्याळाची कुंडली मांडून मोकळा. त्यावर त्यानं जाडजूड पुस्तक लिहिलं होतं, आणि पुढच्या रविवारी त्याचं प्रकाशन होतं. व्यासपीठावर आपले गुरू बसलेले दिसावेत, म्हणून साहेब बावीस वर्षांनी तासगावला उगवले होते. माडीवर पोचल्यावर शिडी धरणाऱ्याची आठवण व्हावी, त्यातलाच प्रकार.

पण गुरूचे डोळे गेलेत, हे त्याला ठाऊक नव्हतं. कुणाला विचारलंच नव्हतं त्यानं.

“ते सरकारी घड्याळ,” मिस्त्री म्हणाले, “त्येचं फुडं काय हुतं?”

“परत करायचं. जाताना सही करून घ्यायचं, आल्यावर जमा करायचं.”

“करत्यात?”

“करावंच लागतं.”

“एवढ्या लांबनं यिऊन?”

“हो, उस्ताद.”

मिस्त्री स्वतःशीच म्हणाले, “लई लांबनं येत्यात...”

सुधाकरनं घाईघाईनं विषय बदलला. “तुम्ही रविवारी यायचंच. मी गाडी पाठवतो. पुस्तक तुम्हालाच अर्पण केलंय.”

“शिंत्रेबाई गेल्या,” मिस्त्री म्हणाले.

...

मिस्त्रींच्या घड्याळदुरुस्तीच्या दुकानाची एक रीत होती. दुरुस्त केलेलं घड्याळ गिऱ्हाइकाला लगेच द्यायचं नाही. आठ दिवस आपल्या मनगटावर घालून हिंडायचं. मेजावर काय, कुठलंही घड्याळ शहाण्यासारखं चालतं. हातावर चढलं, जिन्यावरनं उतरलं, घामात भिजलं, की मग त्याचा खरा स्वभाव कळतो. सुधाकर शागीर्द होता तेव्हा त्याच्याही हातावर अशी परकी घड्याळं असायची.

शिंत्रेबाई शाळेत मास्तरीण होत्या. त्यांचे यजमान रेल्वेत गार्ड होते, ते ऐन उमेदीत गेले. मागे राहिलं ते त्यांचं चावीचं घड्याळ. सुधाकरनं ते उघडलं, साफ केलं, चालतं केलं आणि रितीप्रमाणे हातावर बांधलं. चौथ्या दिवशी पुण्याच्या एका बड्या दुकानातून बोलावणं आलं. उस्तादांना सांगायचा धीर झाला नाही. तो पहाटेची एसटी धरून निघून गेला.

कराडच्या पुढे गेल्यावर त्याच्या लक्षात आलं, की घड्याळ हातावरच आहे.

पुढच्या आठवड्यात पाठवून देऊ, असं त्यानं ठरवलं. मग वाटलं, दिवाळीला जाऊ तेव्हा स्वतःच देऊ. मग दिवाळ्या होत गेल्या आणि तोंड दाखवायची लाज वाढत गेली. चोरी करायची म्हणून त्यानं केली नव्हती, हे खरंच होतं. पण ते सांगायलासुद्धा तो कधी आला नव्हता.

...

“कधी गेल्या?”

“संक्रांतीच्या आधी. तवर दर शनवारी यायच्या. पायरीवर बसायच्या, च्या घ्यायच्या. इचारायच्या, मिस्त्री, आमचं घड्याळ कुठवर आलं?”

“तुम्ही काय सांगायचात?”

“खरं त्येच. सुधाच्या हातावर हाय म्हनायचो.”

“बावीस वर्षं?”

“तू काय आट दिस झाले म्हनून सांगाय आला न्हाईस.”

“चिडल्या नाहीत?”

“पयल्यांदा चिडल्या. मंग म्हनायच्या, चालतंय न्हवं? चालतंय तर असू दे त्येच्या हातावर. निस्तं बंद पडू दिऊ नको म्हनावं.”

सुधाकरनं मान खाली घातली. पुण्यात, काचेच्या कपाटात, मखमलीच्या डबीत ते घड्याळ पडून होतं. डबीवर चिठ्ठी होती, ‘संग्रह क्रमांक एक’. बाहेरच्या देशातलं पहिलं भारी घड्याळ घेतलं, त्या दिवशी त्यानं ते हातातून काढलं होतं. त्यानंतर त्याला चावी दिली नव्हती. आज सतरा वर्षं ते चार वाजून वीस मिनिटांवर उभं होतं.

बाईंनी एवढं एकच मागितलं होतं. जगातल्या कुठल्याही घड्याळजीला ते रोज सकाळी अर्ध्या मिनिटात जमलं असतं.

“उस्ताद, मी...”

“हात आन,” मिस्त्री म्हणाले.

“काय?”

“मर्दा, हात आन हिकडं. जाताना एकदा ऐकू दे तरी.”

सुधाकरनं डावा हात पुढे केला. नको म्हणायची ताकद त्याच्यात उरली नव्हती. मिस्त्रींनी दोन्ही हातांनी त्याचं मनगट धरलं, शर्टाची बाही वर सारली आणि घड्याळ कानाला लावलं. पूर्वी घड्याळ ऐकताना बसायचे तसेच, श्वास रोखून.

बराच वेळ गेला...

हळूहळू त्यांच्या कपाळावर आठी उमटली.

“हे न्हवं,” ते म्हणाले. “हे लई भरभर पळतंय. बाईंचं सावकाश चालायचं.”

आता उस्तादांनी शिव्या दिल्या असत्या, थोबाडीत मारली असती, तर बरं वाटलं असतं सुधाकरला.

पण म्हाताऱ्यानं मनगट अलगद खाली ठेवलं. मांडीवरचा फोटो चाचपला. काहीतरी ध्यानात आल्यासारखा त्याचा चेहरा उजळला.

“आरं हां... तुमच्यात दोन घालत्यात न्हवं का,” ते म्हणाले. “दुसरा हात आन.”