कावळा न शिवलेलं पान

पूर्वी कांचनपुरात चंदक नावाचा राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व त्याचा अमात्य होता. त्याचं नाव वसुमित्र. कांचनपुराच्या डोंगरात लोखंडाच्या खाणी होत्या. तिथे घडलेल्या बाणांच्या फाळांवर मोराचा ठसा असे, आणि त्या ठशाला दूरदूरून मागणी येई.

शेजारच्या सुतट देशात तेव्हा यादवी माजली होती. डोंगरवाले आणि नदीवाले, एकाच देशाची माणसं, पण एकमेकांच्या जिवावर उठलेली. भांडण कशावरून लागलं म्हणून विचाराल, तर ते सांगणारे म्हातारे कधीच मरून गेले होते.

शेवटी आसपासच्या राजांनी मनावर घेतलं. त्यांनी दूत पाठवले, मधल्या माळावर मांडव घातला आणि दोन्ही बाजूंना बोलणी करायला बसवलं. कांचनपुराकडून वसुमित्र राजमुद्रा घेऊन निघाला, तेव्हा चंदक त्याच्या कानाशी लागला. म्हणाला, "बोलणी चालू द्या, अमात्य, पण भांडण मिटू देऊ नका. मग लोखंड विकायचं कुणाला?"

युद्धात पडलेली सगळी माणसं त्या माळावरच पुरलेली होती. तिथली रीत अशी, की तहाआधी मेलेल्यांना पान वाढायचं. कावळा शिवला तर मेलेले तृप्त झाले, तह करायला हरकत नाही. दिवस मावळेपर्यंत शिवला नाही, तर त्यांची इच्छा राहिली असं समजून उठायचं. डोंगरवाल्यांनी पानांची रांग डावीकडे मांडली, नदीवाल्यांनी उजवीकडे. दोघांनीही हाक दिली, "आमच्या माणसांनो, या!"

माळाभोवतीच्या झाडांवर कावळेच कावळे बसले होते. त्यातला एकही ओरडत नव्हता आणि एकही खाली उतरत नव्हता.

डोंगरवाल्यांचा नायक अरिष्टक. त्याचा धाकटा भाऊ इथेच पडला होता. तो पानापुढे हात जोडून म्हणाला, "बाबा रे, तुझा सूड घेईन. आता तरी घास घे." नदीवाल्यांची नायिका देविला हिचा मुलगाही याच मातीत होता. तीही तेच म्हणाली. कावळे हलले नाहीत.

"दरवेळी हे असंच," अरिष्टक वसुमित्राला म्हणाला. "आमचा सूड कमी पडतो, दुसरं काय! दिवस बुडाला की मी उठणार. उद्या पुन्हा लढाई."

काय म्हणावं या माणसांना! मेलेले उपाशी, आणि जिवंत माणसं त्यांच्या सोबतीला आणखी मेलेले धाडत होती.

ऊन कललं आणि माळावर धुकं उतरलं. वसुमित्र दोन रांगांच्या मधून एकटाच चालू लागला. पुढे माणसं उभी होती, दाटीवाटीने, गप्प. त्यांच्या पायांखालचं गवत दबलेलं नव्हतं. ती डावीकडच्या पानांकडे बघत, मग उजवीकडच्या पानांकडे बघत. ती कोण ते वसुमित्राने ओळखलं, पण तो मागे फिरला नाही.

"बाळांनो, जेवत का नाही?" त्याने विचारलं.

एक तरुण म्हणाला, "कुठल्या रांगेत बसू? मी कुणाकडचा होतो ते आठवत नाही. इथे कुणालाच आठवत नाही."

"मग तुमची इच्छा काय? सूड?"

"आमची इच्छा कुणी विचारली? सगळे येऊन आम्हालाच सांगतात."

"माझ्याशीच कसा बोललास मग?"

तरुण पाठमोरा झाला. त्याच्या पाठीत फाळ रुतलेला होता आणि त्यावर मोराचा ठसा होता. "एवढं एक आठवतं," तो म्हणाला. "हा तुमच्या गावचा ना? म्हणून तुम्ही ओळखीचे वाटलात."

मग एकेक करून सगळेच पाठमोरे झाले.

वसुमित्र मांडवात परतला. राजाने कानात सांगितलेलं त्याने सगळ्यांसमोर सांगून टाकलं. "आम्ही तहाला आधार द्यायला आलो आणि दोघांनाही बाण विकत राहिलो," तो म्हणाला. "चोराला म्हणायचं चोरी कर आणि सावाला म्हणायचं सावध राहा, अशी आमची गत. आजपासून कांचनपुराच्या घाटातून लोखंडाचा तुकडा इकडे येणार नाही." आणि त्याने मुद्रा उमटवली.

दुसऱ्या राज्याचा एक दूत हसला. "अमात्य, घरी गेल्यावर मान जागेवर राहील ना?"

"नाही राहिली तर इथे एक पान वाढा," वसुमित्र म्हणाला.

मग कुणी हसलं नाही. बाकीच्या दूतांनीही खाली मान घालून तोच शब्द दिला.

वसुमित्राने धुक्यातली हकिगत सांगितली, तशी देविला कळवळली. "माझ्या पोराला मी आठवत नाही?"

"माई, त्याला भूक तेवढी कळते."

देविलाने आपलं पान उचललं आणि माळाच्या मधोमध नेऊन ठेवलं. अरिष्टक बराच वेळ बसून राहिला. सूर्य डोंगराला टेकला, तेव्हा कुठे तो उठला. त्याने आपलं पान तिच्या पानाला लावून ठेवलं, मागोमाग इतरांनीही ठेवली. अरिष्टक धुक्याकडे तोंड करून म्हणाला, "कुणीही असा, बाबांनो. बसा, जेवा. तुमच्या नावाने आता कुणाला मारणार नाही."

कावळे उतरले. पंखांचा आवाजही झाला नाही. पान न् पान शिवलं गेलं.

पंगतीच्या टोकाला एक पान मात्र तसंच राहिलं. ते कुणी वाढलं, कुणालाच ठाऊक नव्हतं. एक कावळा त्यापुढे बसून वसुमित्राकडे बघत होता. ते पान आपल्याच नावाचं, हे वसुमित्र समजला. तो म्हणाला, "राजाला तोंडावर सांगेन. जीव गेला तरी हा शब्द फिरवणार नाही." तेव्हा कावळा शिवला, आणि मावळतीच्या उजेडातच तह झाला.

चंदकाने वसुमित्राला पदावरून काढलं. पण इतक्या राजांच्या साक्षीने दिलेला शब्द मोडायची त्याची छाती झाली नाही, आणि सुतटात पुन्हा लढाई झाली नाही.

हे सांगून शास्ते, म्हणजे भगवान बुद्ध, भिक्षूंना म्हणाले, "तेव्हाचा चंदक तो आज देवदत्त, अरिष्टक तो मौद्गल्यायन, देविला ती उत्पलवर्णा, आणि वसुमित्र मी होतो. मान गेली तरी चालेल, पण खरं सोडायचं नाही, ही सत्यपारमिता."

एका भिक्षूने भीत भीत विचारलं, "भन्ते, आणि ते मेलेले?"

जेवणाची वेळ झाली होती. भिक्षू ओळीने बसले होते, आणि शेजारचा कुठल्या कुळातून आला हे कुणी कुणाला विचारीत नव्हतं. शास्त्यांनी त्या पंगतीवरून सावकाश नजर फिरवली.

"जेवा, बाळांनो," ते म्हणाले. "फार दिवसांचे उपाशी आहात."